साडी कुणी दिली

पोलीस ठाण्यातली ती दुपार मी अजून विसरलेले नाही. लाकडी बाकाच्या एका टोकाला एक भाऊ बसला होता आणि दुसऱ्या टोकाला शहरातून अभ्यासाला आलेली एक मुलगी. त्या भावाची बहीण घरातून नाहीशी झाली होती आणि तिच्याबद्दल दोघंही काहीतरी लपवत होते. भाऊ भीतीने लपवत होता, मुलगी शब्द दिला म्हणून. मी मध्ये उभी होते आणि मलाही तोवर काही उमगलं नव्हतं.

मी मुळशी तालुक्यात, रिह्याच्या खोऱ्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते. आधी हे काम आमच्या मालकांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे होतं. ते गेल्यावर गावातून दुसरा अर्ज आला नाही, म्हणून शिक्षणाची अट शिथिल करून माझ्या चौथी पासावर मला नेमलं. वयाची साठ वर्षं भरल्यावर मोकळी झाले. पोलीस पाटलाला खाकी नसते. गावात काही बरं-वाईट घडलं की ठाण्याला वर्दी द्यायची, पंचनाम्याला हजर राहायचं, नवं माणूस गावात राहायला आलं तर कळवायचं, आमच्या भागाचे बीट हवालदार आले की त्यांच्याबरोबर घरोघर जायचं. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, आजही नाही. गप्प बसणाऱ्या बाईसमोर लोक आपसूक बोलतात, त्याचा कामात उपयोग झाला.

नावं लिहीत नाही. त्या बाईला गावातली धाकटी माणसं आक्का म्हणायची, मीही इथे तसंच लिहिते. तिला तालुक्यातल्याच चांदे गावात दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, आक्का माहेरी परत आली. भावाच्या घराला लागून एक खोली होती, तिथे ती राहायची. एक म्हैस पाळली होती, तिचं दूध डेअरीला घालायची. भाऊ तिच्याहून मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. ती परत आली तेव्हा चांद्याला जाऊन तिचं सामान त्यानेच टेम्पोत भरून आणलं होतं.

मग आमच्या खोऱ्यात जमिनीला भाव आला. दादाने रस्त्याकडेचा तुकडा फार्महाऊसवाल्यांना द्यायचं ठरवलं. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर आक्काचंही नाव लागलं होतं, त्यामुळे तिची हक्कसोडीची सही लागत होती. आक्का म्हणायची, जमीन नको, मी राहते ती खोली माझ्या नावावर कर, मग सही करते. दादाला ते लागलं. भाऊ जिवंत असताना बहिणीला खोली नावावर कशाला पाहिजे, असं तो मला एकदा म्हणाला होता. दोघं एका घरात राहून त्यावर महिनोन्महिने अडून बसले होते.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बहीण हक्कसोड करून देते त्या दिवशी भाऊ तिला साडीचोळी करतो. ती कोरी साडी नेसून बहीण गावात आली की कुणाला काही सांगावं लागत नाही. सही झाली, हे गावाला कळतं. पुढे पुढे एजंट लोकांनीही हे उचललं. भावाला टाळून बहिणीचा हिस्सा परस्पर घ्यायचा असेल तर ते आधी तिच्याकडे साडी घेऊन जायचे.

त्याच सुमारास ती मुलगी आमच्याकडे आली. वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढी, पण हातात कागद आणि पायात बूट, म्हणून गाव तिला मॅडम म्हणू लागलं. जमिनी विकताना बहिणींच्या सह्या कशा घेतल्या जातात, सही न देणाऱ्या बहिणींचं पुढे काय होतं, यावर ती अभ्यास करत होती. आल्या आल्या आधी माझ्याकडे आली, मग ठाण्यात जाऊन तिच्या कॉलेजचं पत्र देऊन आली. रोज संध्याकाळी तिच्या सरांना फोन करायची, मी खोलीवर पोचले म्हणून. तिचे नियम मला पटले. कुणाचं नाव लिहायचं नाही. बोलायला बळजबरी करायची नाही. बोलण्याचे पैसे द्यायचे नाहीत, कारण पैशासाठी माणूस नको ते बोलतो. आणि कोण काय बोललं ते कुणाला सांगायचं नाही.

थोड्याच दिवसांत एका एजंटाने तिला रस्त्यात गाडी आडवी लावून विचारलं, मॅडम, कुणाच्या जमिनीत हात घालताय. ती घाबरली, पण तिला स्वतःपेक्षा बायकांची काळजी जास्त वाटली. गावात कुणी आपल्याशी बोलताना दिसायला नको, असं तिने ठरवलं. पिरंगुटला तिने खोली घेतली होती. ज्या बाईला बोलायचं असेल तिने बाजाराला आल्यावर तिथे यायचं, अशी सोय केली. कोण कोण जातं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

भाताची झोडणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळी डेअरीवाला माझ्या अंगणात सायकल टेकवून उभा राहिला. म्हणाला, "पाटीलकाकू, आक्काचं दूध कालपासनं न्हाई. दादा म्हनतोय गावाला गेली. आता तुमीच सांगा, म्हस सोडून आक्का कदी गावाला गेलीया?"

मी तशीच उठून गेले. दादा म्हशीखाली बसला होता. म्हैस त्याच्या हाताला पान्हा सोडत नव्हती, लाथ मारून तिने बादली उपडी केली होती. आक्का कुठे आहे विचारल्यावर तो वर न बघता म्हणाला, पिरंगुटला पाव्हण्याकडं गेलीया. कुठल्या पाव्हण्याकडे, विचारलं. "इचारून सांगतो, वैनी." खोटं बोलणारा माणूस नातं लगेच सांगतो, नावाशी अडतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आक्काच्या खोलीला कुलूप होतं. आक्का कधी कुलूप लावायची नाही, कडीत काडी अडकवायची. कुलूप दादाच्या ट्रॅक्टरच्या पेटीचं होतं.

मी बीट हवालदारांना वर्दी दिली. दादा मिसिंगची तक्रार द्यायला तयार नव्हता, म्हणून माझ्याच सांगण्यावरून ठाण्याच्या डायरीत नोंद झाली. हवालदार मोटारसायकलवर आले आणि आम्ही घरं फिरायला लागलो. शेजारच्या बायका खळ्यावरून मान वर करत नव्हत्या. सगळ्यांना काहीतरी ऐकू गेलं होतं आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवटी चहाच्या टपरीवर एकजण बोलला. त्याने आक्काला पिरंगुटला एका बिल्डिंगचा जिना उतरताना पाहिलं होतं. हातात दुकानाची नवी पिशवी होती. बिल्डिंगच्या तळाला एका जमीन एजंटाचं ऑफिस होतं. हवालदारांनी विचारलं, हे तू आणखी कुणाला सांगितलंस. तो म्हणाला, "दादालाच सांगितलं फक्त. भाऊ हाय त्यो, त्याला म्हाईत पायजे का नगो?"

हवालदारांचा तर्क सरळ होता. बाईने हिस्सा परस्पर विकला, आणि आता एकतर पळाली किंवा एजंटाने कुठेतरी ठेवली. एजंटाला ठाण्यात बोलावलं. तो हसला. "साहेब, तिची सही मिळाली असती तर मी तुमच्याकडं मोकळ्या हातानं आलो असतो का? पेढे आणले असते." त्याचा फोन पाहिला, ऑफिसात काम करणाऱ्यांना विचारलं, काही निघालं नाही. पण बोलता बोलता तो म्हणाला की वरच्या मजल्यावर एक मॅडम राहते आणि तिच्याकडे गावाकडच्या बायका येतात.

म्हणून त्या दुपारी मॅडमला ठाण्यात बोलावलं आणि दादालाही.

आधी मॅडमला विचारलं. तिने पाणी मागितलं, प्यायली नाही. आक्का तुमच्याकडे आली होती का, या प्रश्नावर म्हणाली, माझ्याकडे कोण येतं ते मी सांगू शकत नाही. हवालदार तापले. म्हणाले, बाई बेपत्ता आहे, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, तुमचा अभ्यास गेला खड्ड्यात. ती रडकुंडीला आली, पण म्हणाली, "ती काय बोलली ते विचारू नका. ती सापडायला जे लागेल तेवढं विचारा, ते सांगते." मग बाहेर जाऊन तिने सरांना फोन लावला. परत आली तेव्हा बाकाच्या टोकाला बसली आणि मला हळूच म्हणाली, "काकू, सर म्हणतात, आधी तिचा जीव. पण मला ती कुठे आहे हे खरंच माहीत नाही. मग मी सांगू तरी काय?"

तोवर दादाला समोर घेतलं होतं. हवालदारांनी शेवटचं कधी पाहिलं ते विचारलं. तो एकच धरून बसला, की ती एजंटाला फितूर झाली, त्याला विचारा. हवालदार म्हणाले, कशावरून? एजंट तर नाही म्हणतो.

"साडी," दादा म्हणाला. "कोरी साडी नेसून म्हशीला वैरण टाकत हुती. माझ्या दारात. मी इचारलं, कुनी दिली? बोलंना. पुन्हा इचारलं, पुन्हा बोलंना. आता भाऊ जित्ता असताना भनीला साडी कोन देतंय, साहेब? सही घेनाराच की."

माझ्या शेजारी मॅडम उठून उभी राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर पडला. तिने मला विचारलं, "सांगितलं तर आक्का माझ्याशी बोलली हे सगळ्यांना कळेल ना?" मी म्हणाले, आता कळू दे.

"साडी मी दिली," ती म्हणाली.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. ती सांगत गेली. पैसे द्यायचे नाहीत हा नियम. पण बाया आपला दिवस मोडून येतात, आपल्या पोटातलं सांगतात, त्यांना मोकळ्या हाताने पाठवायचं तिला बरं वाटेना. म्हणून बाजारातून सारख्या साड्या आणल्या आणि आलेल्या प्रत्येकीला एक दिली. आमच्याकडची रीत तिला कुणी सांगितली नव्हती. साडी घेताना आक्का जरा थबकली होती म्हणे. पण नको म्हणणं तिच्या जिभेवर आलं नसेल.

दादा तिच्याकडे वळला. "तुमी? तुमी कशापायी तिला साडी द्यावी?"

"माझ्याशी बोलल्या म्हणून."

"मग तिनं सांगितलं का न्हाई? मॅडमनं दिली म्हनायला काय झालं हुतं?"

मॅडम दोन पावलं त्याच्याजवळ गेली. मग म्हणाली, "मीच सांगितलं होतं, इथे आलात ते कुणाला सांगू नका. तुमच्याच भल्यासाठी म्हटलं होतं. त्यांनी शब्द पाळला."

दादा बाकावरून खाली फरशीवर बसला. मी गेले त्याच्याजवळ. तो माझ्याशीच बोलला, साहेबांशी नाही. "म्या तिला लई मारलं, वैनी. साडी फाडून चुलीत घातली. वैरनीच्या दांडक्यानं मारलं. ती वरडलीसुदीक न्हाई. नुस्ता हात आडवा धरत हुती." मग ती जुनं लुगडं गुंडाळून ओढ्याच्या वाटेने निघून गेली, त्याने हाक मारली नाही. तासाभराने राग उतरल्यावर शोधायला गेला तर सापडली नाही. गावाला काय सांगायचं म्हणून खोलीला कुलूप घातलं.

ओढ्याच्या वाटेला पुढे फार्महाऊस लागतात. आठवडाभर ओस असतात, राखणदाराचं कुटुंब तेवढं असतं. आम्ही एकेक फाटक ठोठावत गेलो. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी राखणदाराची बायको बाहेर आली. परमुलखातली, मोडकं मराठी बोलणारी. हवालदारांना पाहून म्हणाली, इथे कुणी नाही. पण ती फाटक आणि आमच्यामध्ये उभी राहिली होती, आणि कुणी नसलेल्या घरापुढे माणूस असं उभं राहत नाही. मी हवालदारांना मागे थांबायला सांगितलं आणि आत तोंड करून हाक मारली. "आक्का, मी हाय. एकलीच आलीया. त्यो आला न्हाई."

मग पत्र्याच्या खोलीतून ती आली. डावा हात कोपरापासून सुजला होता, त्यावर फडक्यात हळद बांधली होती. मला पाहून तिने पहिलं विचारलं, "म्हशीचं कोन बघतंय?"

सरकारी दवाखान्यात हाड मोडल्याचं निघालं. डॉक्टरांनी तसं लिहिलं. हवालदार तिचा जबाब घ्यायला बसले तेव्हा मी शेजारी होते. ती म्हणाली, घसरून पडले. हवालदारांनी मऊपणाने पुन्हा विचारलं, त्यांनाही बहिणी होत्या. म्हणाले, आक्का, त्याने कबूल केलंय, तू फक्त व्हय म्हण. तिने मान हलवली. हवालदार बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, त्याला आत घातला तर गाव काय म्हनंल? जमिनीपायी भावाला आत घातला. मग मला हितं दार कोन उघडंल? माझं काय, मोडल्याला हात जुळंल." जबाबावर तिने उजव्या हाताने सही केली आणि कागद बंद झाला. डॉक्टरचा दाखला होता, भावाची तोंडी कबुली होती, पण तिच्या तोंडच्या शब्दांपुढे कोर्टात त्यांचं काही चाललं नसतं, असं ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं.

मॅडम दवाखान्यात रोज यायची. तिने आक्काला विचारलं, तुमचं बोलणं मी माझ्या कामातून काढून टाकू का. एक शब्दही ठेवणार नाही. आक्का म्हणाली, "आमच्यासारख्या बायांचं त्यानं काय भलं व्हनार हाय का?" मॅडमने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, माहीत नाही. तेव्हा आक्का म्हणाली, "मग काढ. माझं माज्यापाशी ऱ्हाऊ दे." मॅडमने तिच्या डोळ्यांसमोर फोनमधलं सगळं पुसलं.

हात प्लास्टरमध्ये असतानाच आक्काने दादाला निरोप पाठवला की सही करते. दादा माझ्याकडे आला. म्हणाला, वैनी, तिला सांगा सही नको, मी व्यवहार मोडतो. मी निरोप पोचवला. ती म्हणाली, "माझी सही शिल्लक हाय तवर मला कुनी भैन म्हनून बघनार न्हाई. ती एकदा जाऊ दे." निबंधकाच्या ऑफिसात मी साक्षीदार म्हणून उभी होते. खोली नावावर करायचं तिने तोंडातून काढलं नाही. सही करून ती बाहेर आली. दादा पायरीवर उभा होता, त्याच्या शेजारून गेली आणि पिरंगुटच्या बसमध्ये बसली. आता एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, दोघीतिघींत मिळून भाड्याने राहते. म्हैस डेअरीवाल्याला दिली.

या प्रकरणात कुणाला शिक्षा झाली नाही. कागदावर गुन्हाच नाही. पण मला त्यातून जे कळलं ते पुढच्या सगळ्या वर्षांत कामाला आलं. विचारणारा माणूस निघून जातो आणि सांगणाऱ्याला तिथेच राहायचं असतं. मॅडमचं मन चांगलं होतं, नियम चांगले होते. मात्र आक्का घरी गेल्यावर काय सांगेल, याचं उत्तर तिच्या हातात कुणी दिलं नव्हतं. आम्ही पोलिसांकडची माणसंही हेच करतो. जबाब घेतो, सही घेतो, मोटारसायकल सुरू करतो, आणि ती बाई त्याच उंबऱ्याच्या आत जाते.

मॅडम पावणेदोन वर्षांनी पुन्हा खोऱ्यात आली. मला वाटलं होतं, येणार नाही. या वेळी ती उघड्यावर, भातलावणीला आलेल्या बायकांमध्ये बांधावर बसायची, सगळ्यांदेखत सगळ्यांना शेतीचं, रोजाचं, माहेरचं विचारायची. कुणाला काही सांगायचं असेल तर ती आधी विचारायची, घरी कुणी विचारलं तर काय सांगाल. बाईकडे उत्तर नसेल तर मॅडम तो विषयच काढायची नाही. पुष्कळदा रिकाम्या हाताने परत जायची. मीही तेव्हापासून कुणा बाईचा जबाब घ्यायचा असला की हवालदारांना सांगायचे, आधी शेजारच्या दोन घरांतही काहीतरी विचारून या, मग तिच्या दारात जा. ते ऐकायचे. मॅडमने खोऱ्यात कुणाला पुन्हा काही दिलं नाही. चहासुद्धा ती बायकांच्या हातचाच घ्यायची.

जमिनीच्या पैशातून दादाने जुनं घर पाडून वर मजला बांधला आणि खोल्या काढल्या. हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्याने राहतात. मागच्या महिन्यात मी तिथून जात होते. लातूरकडचा एक पोरगा बॅग घेऊन खोली विचारायला आला होता. दादाने त्याला वरच्या सगळ्या खोल्या भरल्या आहेत म्हणून सांगितलं. पोराने तळमजल्यावरच्या एका बंद दाराकडे बोट केलं, ही रिकामी दिसते. दादा हातातला झाडू तसाच धरून त्या दारासमोर उभा होता. उंबऱ्यापाशी नुकतंच झाडलेलं दिसत होतं.

"ती न्हाई भाड्याची," तो म्हणाला. "तितं माझी भैन ऱ्हाती."